काच कोण बघतं, भाऊजी?

भाऊजी, तुमची हातावरची घडी ताईने धुवायला दिली होती.

दुसरी कोणती नाही, तीच. चावीची, दुधी डायलची, जिच्या कडेला कप ठेवल्यावर बशीत उमटावं तसं तपकिरी वर्तुळ आहे. आंघोळीला जाताना जी तुम्ही कपाटात ठेवून कुलूप लावत होता आणि जिला निखिलने, तुमच्या पोटच्या पोराने, कधी बोट लावलेलं मला आठवत नाही. तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी ताईने हे मला फोनवर सांगितलं, तेही मंडपवाल्याने सतरंज्या कमी आणल्याच्या तक्रारीनंतर, जाता जाता.

"उद्या पगडी बांधताना निखिलच्या हातावर ह्यायची घडी पाह्यजे ना. लय मळकी दिसे. देली स्टँडजवळच्या दुकानात. सांगून धाडलं, डाग धुऊन काढा, काच बदला, एकदम चकाचक करून द्या."

मी अकोल्यात दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा तसाच राहिला.

"ताई, त्याले फोन कर. डायलले हात लावू नको म्हना."

"त्याचा नंबर कोनाजवळ हाये? निखिल देऊन आला."

"मंग निखिलले पाठव."

"निखिल वलगावले गेला आचाऱ्याकडं. आन् तू काहून एवढा बोंबलून रायला? माहा मानूस गेला, तुले घडीची पडली!"

तिने फोन आपटला. मी दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाही. उरलेला साबण पुसला आणि तसाच अमरावतीच्या बससाठी स्टँडवर गेलो.

आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तर मला शिकवलं होतं. डायलवरची अक्षरं म्हणजे शाईचा एक पातळ पापुद्रा. डाग धुवायला गेलं की डागासोबत नावही निघून जातं. मग कारागीर वरून नवा रंग मारतो, नवं नाव छापतो, आणि घडी लग्नातल्या नवरदेवासारखी सजून परत येते. बघणारा म्हणतो, वा! आपल्यासारखा भिंग लावून बघणारा म्हणतो, मेली. रविवारी अकोल्याच्या जुन्या बाजारात अशा किती नवरदेवांवर आपण पाठ फिरवली. तुम्ही एक नजर टाकायचात आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागायचात. मी विचारलं की, "कसं काय ओळखलं?" तर म्हणायचात, "हातच्या काकनाले आरसा कायले, साळेबुवा?"

तुमचा क्रम ठरलेला होता. आधी डायल, कोणी न छेडलेली. मग केसच्या, बाहेरच्या धातूच्या डबीच्या, कडा, घासून गुळगुळीत केल्या नाहीत ना. मग काटे, त्याच घडीचे आहेत ना. मग मशीन. माझा क्रम बरोबर उलटा. मी म्हणायचो, जी चालत नाही ती घडी कसली, मशीन पहिलं. घडीचा डब्बा आणि कागदपत्रं सांभाळून ठेवणाऱ्यांना तर आपण दोघंही हसायचो. वर्षानुवर्षं आपण हेच भांडलो, बदनेऱ्याच्या फलाटावर, तुमच्या ओसरीत, ताईने वाढलेलं पिठलं ताटात गार होईपर्यंत. ताई म्हणायची, "एकाचं डोकं डायल हाये आन् एकाचं मशीन, दोघायचं मिळून एक मानूस होत नाही." आपल्या दोघांपैकी कोणीही कधी हरलं नाही. आणि त्या सकाळी मी, मशीनवाला, तुमची डायल वाचवायला बसमध्ये बसलो होतो.

बस मूर्तिजापूरला थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी गप्पा मारत उभा. खिडकीचा गज हाताला चटका देत होता. माझ्या डोळ्यांपुढे एक वाटी, त्यात कसलंसं पाणी आणि त्या पाण्यात तुमची डायल. मी उठून कंडक्टरला म्हणालो, "भाऊ, चला ना." तो म्हणाला, "कोनी अॅडमिट हाये का?" मी काय सांगणार? नाही, माणूस गेला, त्याची डायल अॅडमिट आहे?

तेव्हा मला तुमचा राग आला, भाऊजी. तुम्ही गेल्यापासून मी रडलो नव्हतो, सगळं अंगावर घेऊन फिरत होतो, स्मशान, पाहुणे, मंडप. पण बसमध्ये खरा राग आला. एवढा संसार केलात, बायकोला एका वाक्यात सांगता आलं नाही का, की ही घडी अशीच राहू दे? माझ्याशी तासन्‌तास बोलायचात. तिच्याशी काय बोलायचात तुम्ही?

काचेवरून तुम्ही माझ्यावर एकदा चिडला होतात, तेही तिथेच आठवलं. त्या घडीची काच मला कधीच आवडली नाही. साधी प्लास्टिकची, आणि तिच्यावर दोनच्या आकड्यापासून सातच्या आकड्यापर्यंत गेलेला एक ओरखडा. तुमच्या सगळ्या संग्रहात एवढी सुंदर डायल दुसरी नाही आणि ती बघायची ती त्या खरवडलेल्या काचेतून. म्हणून एका दिवाळीला मी बरोब्बर मापाची नवी काच शोधून आणली. काचेचं काय हो, काच म्हणजे घडीचा पट्टा. झिजली की बदलायची. जगातला कोणताही शौकीन काचेसाठी अडून बसत नाही. मी कौतुकाने पुडी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती उघडली, बघितली आणि म्हणालात, "उचल."

"भाऊजी, काच कोण बघतं?"

"उचल म्हनलं ना."

ती दिवाळी आपण धड बोललो नाही. ताई दारात उभी होती, तीही आत निघून गेली. बदनेऱ्याला मला सोडायला मात्र तुम्ही आलात. गाडी यायची होती. तुम्ही मनगट पुढे केलं आणि रुळांकडे बघत म्हणालात, "हे पाह्य. डायल नकली बनते. काटे नकली बनतात. केस बनते, मशीन दुसऱ्या घडीचं टाकतात. ह्या ओरखड्याची नक्कल कोनी करून दाखवा मले. कोनीतरी एकदा माही इतकी वाट पाह्यली होती."

मला वाटलं तुम्ही आईबद्दल बोलताय. तुमची आई तुमच्या तरुणपणीच गेली, हे मला माहीत होतं. गाडी आली आणि मी पुढे विचारलं नाही. गेलेल्या आईबद्दल फलाटावर काय विचारायचं, असं वाटलं.

अमरावतीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. स्टँडजवळ घड्याळांची दुकानं किती, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्याने मान हलवली. दुसरा म्हणाला, "निखिल? कोन निखिल?" तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी होती. पंखा बंद, कारण बारीक भाग उडतात. भिंगवाला माणूस घामाने डबडबलेला, आणि त्याच्यासमोर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तुमची घडी सुटी करून ठेवलेली. एका बाजूला काटे, एका बाजूला काचेच्या पेल्याखाली मशीन. डायल मधोमध. शेजारी वाटी.

"थांबा!"

तो एवढा दचकला की त्याचा चिमटा खाली पडला. "क्या हुआ, भाई?"

"डायल धुवू नका."

"पोरगं म्हनत होतं, घरच्या बाईनं सांगितलं धुवाले. धुतच होतो, पन म्हनलं आधी डबा खाऊन घेतो."

डब्याने वाचवली, भाऊजी. कोण जाणे काय होतं त्याच्या डब्यात, पण त्या भाजीचे माझ्यावर उपकार आहेत. मी वाकून डायल पाहिली. भिंगाशिवायही कळत होतं. तपकिरी वर्तुळ पूर्ण, अक्षरं पूर्ण. मी त्याच्या स्टुलावर बसलो.

"तशीच बसवा परत. पाण्याचा थेंबही नको."

"तुमी कोन?"

"मी साळा. ज्यांची घडी आहे त्यांचा."

"साळ्याचं नाही चालत," तो म्हणाला. "बाई गिऱ्हाईक हाये. बाईले विचारा. उद्या त्यायनं मले म्हनलं, डाग काहून ठेवला, तर मी काय सांगू?"

त्याचं बरोबर होतं. मी ताईला फोन लावला. या वेळी उचलला. मागे भांडी वाजत होती. मी एका दमात सगळं सांगितलं, डायल, शाई, पापुद्रा, तुमचे शब्द माझ्या तोंडून. अडखळतही नव्हतो. एवढी वर्षं ज्या बाजूला विरोध केला ती अशी पाठ झाली होती.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "राहू दे तुही डायल तशीच. डायलचं मले काय हाये? काच बदलली का?"

मी दुकानदाराकडे पाहिलं. त्याने केस उचलून दाखवली. नवी काच केव्हाच बसवून झाली होती, स्वच्छ, पाण्यासारखी.

"बदलली."

"जुनी?"

"फेकली असल."

 मागचा भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे ती उठून दुसरीकडे गेली असावी. मग म्हणाली, "बरं झालं. सुटले."

"काय सुटली?"

आणि मग ताईने मला जे सांगितलं ते तिने आजवर कोणालाही सांगितलं नसावं, आणि सांगितलं तेही स्टँडच्या गोंगाटात, फोनवर, एका अनोळखी दुकानदाराच्या स्टुलावर बसलेल्या भावाला.

तुमच्या लग्नानंतरची पहिली राखी. सकाळपासून ती पिशवी भरून दारात बसली होती, अकोल्याला यायला, मला राखी बांधायला. तुम्ही पहाटेच मोर्शीला गेलेले, कोणाकडे तरी एक घडी आहे असं कळलं म्हणून. "दुपारी येतो" म्हणाला होतात. दुपार गेली, शेवटची बस गेली. अंधार पडता पडता तुम्ही आलात, हसत, आणि तिला दाखवायला मनगट तिच्यापुढे केलंत. तिने तो हात सगळा जोर लावून झटकला. हातातली काचेची बांगडी फुटली, तिच्या फुटक्या धारेने घडीच्या काचेवर ओरखडा ओढला आणि मग ताईच्याच हातात घुसली.

मला ती राखी आठवते, भाऊजी. मी शाळेत होतो. नवा सदरा घालून ओट्यावर बसलो होतो आणि ताई आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं आलात. तिच्या मनगटाला पट्टी होती. म्हणाली, विळीने कापलं. तुमच्या हातावर नवी घडी होती. मी ती बघायला मागितली आणि तुम्ही दिलीत. माझा नाद तिथूनच सुरू झाला.

"दुसऱ्या दिवशी मी म्हनलं, बदलून घ्या काच," ताई सांगत होती. "हे म्हनले, राहू दे. मंग दर वर्षी म्हनलं. राहू दे, राहू दे. तू दिवाळीले नवी आनली होती, तेव्हाही नाही. काहून, सांगू? मले दाखवाले. रोज हातावर बांधून मले दाखवाले, का पाह्य तू काय केलं होतं. एक शब्द बोलले नाहीत कधी, पन रोज मनगट समोर. चहा देताना समोर, जेवताना समोर. लय खुनशी होते हे, संजू. तुले नाही मालूम."

 "येतो घरी," एवढंच म्हणालो. कानात बदनेऱ्याचा फलाट वाजत होता. कोनीतरी एकदा माही इतकी वाट पाह्यली होती.

आई नव्हती हो ती. माझी ताई होती.

"जुनी काच कुठे टाकली?" मी दुकानदाराला विचारलं.

"काचेचं काय करता? डायल भेटली ना तुमाले."

"कुठे आहे?"

त्याने पायाखालून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ओढला. आत काचाच काचा, किती वर्षांच्या कोण जाणे, पिवळ्या पडलेल्या, तडकलेल्या. "यात टाकली असन, नाहीतर सकाळी झाडून काढली असन. पाह्य बाप्पा, तुमाले टाइम असन तर."

मी सगळ्या वर्तमानपत्रावर ओतल्या. प्रत्येक काचेवर ओरखडे होते, भाऊजी. माणसं एवढी कशाला घासत असतात आपली मनगटं? डोळ्याने कळेना, म्हणून मी एकेक काच उचलून नखाने चाचपू लागलो. घाम डोळ्यांत जात होता. दुकानदार पुटपुटत होता, मग तोही वैतागून शेजारी बसला आणि शोधू लागला. मनात एकच होतं. झाडून गेली असेल तर ताईला काय सांगायचं, आणि ते ती काय म्हणून मानेल? नुसत्या माझ्या शब्दावर? मीच तर तुमचा साळा, तुमच्याच बाजूचा.

मग नख अडकलं. सुरुवातीला खोल, पुढे बारीक होत गेलेला, आणि जिथून सुरू होतो तिथे एक कणभर खळगा, बांगडी फुटली तिथला. दोनपासून सातपर्यंत. मी ती काच तळहातावर ठेवली आणि दुकानदारासमोर रडलो. त्याने पंखा लावला. डायल तोवर त्याने पेल्याखाली सरकवली होती, नशीब.

जोडून दिलेली घडी आणि जुनी काच खिशात घालून घरी पोचलो तर ताई मागच्या अंगणात गहू निवडायच्या सुपापाशी बसली होती, पण निवडत काही नव्हती. हात मोकळे होते तिचे. म्हाताऱ्या बाया बांगड्या फोडायचं काढायच्या आत तिनेच उतरवून ठेवल्या होत्या, कोणाला तो मान मिळू नये म्हणून. मी तिच्यापुढे बसलो, काच तिच्या हातात दिली आणि फलाटावरचं तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तुमच्याच बोलीत सांगितलं, माझं काही मिसळलं नाही.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने अंगठा त्या ओरखड्यावरून फिरवला. वरून खाली, परत वरून खाली.

"असं म्हनले हे?"

"असंच."

"खोटं सांगून रायला तू. मले बरं वाटावं म्हनून."

"तुही शप्पथ, ताई. मले वाटलं ते त्यायच्या आईबद्दल बोलून रायले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. इतकी रागाने की मला वाटलं आता समोरचं सूप मारते. "मंग मले काहून नाही सांगितलं ह्या मानसानं? तुले सांगितलं, रेल्वे टेशनावर सांगितलं. मी काय लोकाची होती?"

 तुमच्याकडे तरी याचं उत्तर होतं की नाही, कोण जाणे, भाऊजी. तुम्ही तिने वाट पाहिली त्याची खूण म्हणून ती काच हातावर बांधत राहिलात आणि ती प्रत्येक चहाला शिक्षा भोगत राहिली. एवढं शहाणं माणूस, डायलवरचा नकली रंग रस्त्याच्या पलीकडून ओळखणारं, आणि समोर बसलेल्या बाईचा चेहरा वाचता आला नाही. मला तुमच्यावर चिडायचं होतं. तेवढ्यात ताई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडली, आणि माझा राग जागच्या जागी राहिला.

मी म्हणालो, दुकान उघडं आहे, जुनी काच परत बसवून आणतो, उद्या निखिलच्या हातावर जशी होती तशी घडी जाईल. तिने नाक पुसलं.

"नवीच राहू दे. पोराच्या हातावर आमचं भांडन कायले?"

जुनी काच तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

तेरवी नीट झाली. निखिलला पगडी बांधली तेव्हा त्याच्या मनगटावर तुमची डायल होती, वर्तुळासकट, आणि नव्या काचेखाली ती इतकी देखणी दिसत होती की मी पगडीऐवजी तिच्याकडेच बघत राहिलो. तुम्ही ती अशी कधी पाहिलीच नाहीत. एक गोष्ट आपल्या दोघांत राहू द्या. ती जुनी काच मी भिंगाखाली पाहिली. कंपनीची नव्हती ती, तुमच्या आधीच कोणीतरी मोर्शीत बदललेली असणार. आपल्या शास्त्राप्रमाणे त्या घडीत एकच भाग बाहेरचा होता, आणि तुम्ही जपलात तो तोच.

पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या. दुपारी ताईने तुमचं कपाट उघडलं. लग्न झाल्यापासून ज्या घड्यांना ती सवत म्हणत आली त्या सगळ्या पलंगावर आणून ठेवल्या आणि मला हाक मारली. मला वाटलं, आता वाटून टाकायचं म्हणते. मी भिंग काढलं, पहिली घडी उजेडात धरली आणि सवयीने सुरू झालो, "ही पाह्य ताई, हिची डायल..."

तिने माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि उशीखाली सारलं.

"ते नको. ह्यायच्यात अजून काय काय हाये? हे काय काय म्हनत होते ते सांग. सगळ्यायचं सांग."

मग मी मशीनवाला पलंगावर मांडी घालून बसलो, भाऊजी, आणि तुमची बाजू सांगायला लागलो.